कावेरीकाठचा ग्रहणदिवस

तमिळनाडूतील कुंभकोणम हे गाव उत्तरेकडील कावेरी आणि दक्षिणेकडील अरसलार या दोन नद्यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यात वसले आहे. देवळांचे गाव म्हणून त्याची ख्याती आहे. त्याच्या पूर्वेस सहा किलोमीटरांवर तिरुनागेश्वरम हे राहूचे स्थान मानले जाते, तर ईशान्येस थोड्या अंतरावर सूर्यनार कोविल हे सूर्याचे देऊळ चोळ राजा पहिला कुलोत्तुंग याच्या काळापासून उभे आहे. पुराणकथेत सूर्याला गिळणारा राहू आणि गिळला जाणारा सूर्य असे दोघेही या गावाचे शेजारी आहेत. भाविक मंडळी एकाच यात्रेत दोघांचेही दर्शन घेतात. त्यामुळे ग्रहणाचा दिवस या गावात कसा पाळला गेला, हे पाहणे उद्बोधक ठरते.

मराठी वाचकाला या गावाविषयी आपुलकी वाटावी, असे आणखी एक कारण आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावरची गादी मिळविली आणि पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे हा प्रदेश या ना त्या नात्याने मराठ्यांच्या राज्याशी जोडलेला राहिला. त्या काळात अनेक मराठी कुटुंबे कावेरीच्या काठी स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमच्या अशाच एका देशस्थ घराण्यात झाला. या घरांतील माणसे बाहेर तमिळ आणि घरात मराठी बोलत. त्यांच्या मराठीला ‘तंजावरी’ किंवा ‘दक्षिणी’ मराठी म्हणतात. गाव तमिळ असले, तरी ग्रहणाच्या दिवशी या घरांत आणि पुण्या-साताऱ्याच्या घरांत जे चाले, त्यात फारसा फरक नव्हता.

दिवसाची आखणी

ग्रहण म्हटले की भीती आणि अंधश्रद्धा हे शब्द आपल्या ओठांवर सहज येतात. परंतु जुन्या घरांतील ग्रहणदिवस जवळून पाहिला, तर आधी दिसते ती आखणी. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात आणि चंद्रग्रहणाचे तीन प्रहर, असा सर्वसाधारण नियम होता. प्रहर तीन तासांचा. म्हणजे सूर्यग्रहणापूर्वी सुमारे बारा तास मोठ्या माणसांचे जेवण बंद. मुले, वृद्ध, आजारी आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी ही मुदत पुष्कळ कमी केलेली असे. ग्रहण सकाळी असेल, तर आदल्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वीच रात्रीचे जेवण उरकावे लागे. त्यासाठी दुपारीच किती शिजवायचे, हे ठरवावे लागे, कारण उरलेले अन्न टाकून देणे भाग होते.

दूध, दही, लोणची आणि पिण्याचे पाणी मात्र टाकून देणे परवडणारे नव्हते. त्यांवर दर्भाची काडी ठेवली, की ती दूषित होत नाहीत असे मानले जाई. मराठी घरांत दर्भाच्या जागी तुळशीपत्रही चाले. वर्षभराच्या लोणच्याची बरणी ग्रहणामुळे ओतून द्यायची वेळ गृहिणीवर येऊ नये, अशी ही सोय होती. शास्त्राने नियम सांगावा आणि स्वयंपाकघराने त्यात आपली वाट काढावी, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

पुढचे सारे वेळेवर अवलंबून असे. ग्रहण लागताच स्पर्शस्नान, मध्याच्या सुमारास जप, तर्पण आणि दान, सुटल्यावर मोक्षस्नान. कुंभकोणमची मंडळी या स्नानांसाठी कावेरीच्या पायऱ्यांवर किंवा महामहम कुंडावर जात. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या महामहम पर्वाला याच कुंडावर लाखो लोक लोटतात. त्याच्या काठावरील सोळा मंडप तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी बांधले. मोक्षस्नानानंतर घर धुवायचे, नवे पाणी भरायचे आणि मगच चूल पेटायची. लहान मूल भुकेने रडत असे, तेव्हा आईचे लक्ष आकाशाकडे नसून ‘सुटले का?’ या एका प्रश्नाकडे असे.

आणखी एक दृश्य कावेरीकाठी आणि महाराष्ट्रातही सारखेच आढळते. परातीत थोडे पाणी घालून त्यात मुसळ उभे करायचे. ते उभे राहिले तर ग्रहण लागलेले आहे आणि पडले की सुटले, असे समजायचे. घड्याळ नसलेल्या घरात ही खूण मोठ्या विश्वासाने पाहिली जाई. बुडाशी सपाट असलेले मुसळ नीट तोल सांभाळून ठेवले, तर वर्षातील कोणत्याही दिवशी उभे राहते. पण या रिवाजामागची गरज खरी होती. ग्रहण केव्हा लागले आणि केव्हा सुटले, हे आपल्या घरात बसून कळावे, ही ती गरज. सामान्य माणसाच्या हाती दुसरे साधन नव्हते.

कवड्यांचे गणित

मग वेळ सांगत होते कोण? पंचांग करणारे. कुंभकोणम-तंजावरच्या परिसरात त्यांची पद्धत ‘वाक्य’ नावाने ओळखली जाई. चंद्राची रोजची स्थिती सांगणारी २४८ छोटी संस्कृत वाक्ये परंपरेने वररुचीच्या नावावर आहेत. या वाक्यांतील प्रत्येक अक्षर म्हणजे एक अंक असतो. क, ट, प, य यांपासून सुरू होणाऱ्या वर्गांवरून अक्षराची किंमत ठरते, म्हणून या संकेताला ‘कटपयादी’ म्हणतात. २४८ दिवसांत चंद्र आपल्या जवळच्या बिंदूपासून निघून पुन्हा त्याच बिंदूवर नऊ वेळा येतो, म्हणून वाक्ये २४८. ज्याला ही वाक्ये पाठ आहेत, त्याच्या डोक्यात चंद्राच्या गतीचे कोष्टकच साठविलेले असते. त्याला ग्रंथ उघडण्याची गरज पडत नाही.

या पद्धतीची नोंद युरोपीय अभ्यासकांनी आश्चर्याने केली. ल जांतील हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शुक्राचे सूर्यावरील अधिक्रमण पाहण्यासाठी पुदुच्चेरीस आला होता. कुंभकोणमपासून हे ठिकाण सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटरांवर आहे. १७६९ सालच्या जूनमध्ये ऐन वेळी ढग आले आणि त्याची वर्षानुवर्षांची तपश्चर्या वाया गेली. त्या मुक्कामात त्याने एका तमिळ गणकाकडून ग्रहणाचे गणित शिकून घेतले. ३० ऑगस्ट १७६५ च्या चंद्रग्रहणाचा कालावधी या तमिळ रीतीने काढला असता, तो प्रत्यक्षाहून ४१ सेकंदांनी कमी आला. त्या काळी युरोपात उत्कृष्ट समजल्या जाणाऱ्या टोबियास मायरच्या कोष्टकांनी तोच कालावधी ६८ सेकंदांनी जास्त दाखविला होता.

या कथेला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्याविना इतिहास पुरा होत नाही. मद्रासच्या वेधशाळेत पूर्वी काम केलेल्या जॉन वॉरन या लष्करी अधिकाऱ्याने दक्षिणेतील कालगणनेवर ‘कालसंकलित’ हा ग्रंथ लिहिला. तो १८२५ साली मद्रासेत छापला गेला. पुदुच्चेरीतील एका पंचांगकर्त्याने त्याच्यासमोर जमिनीवर कवड्या मांडून, कागद-लेखणीला हात न लावता, पाठ असलेल्या वाक्यांच्या आधारे ३१ मे ते १ जून १८२५ च्या रात्रीचे चंद्रग्रहण गणिताने काढून दाखविले. ग्रहण लागण्याची वेळ अवघ्या ४ मिनिटांच्या फरकाने जुळली. मध्याच्या वेळेत २३ मिनिटांचा आणि सुटण्याच्या वेळेत तब्बल ५२ मिनिटांचा फरक पडला.

विद्वानांच्या दृष्टीने कवड्यांवर केलेल्या गणिताचे हे यश मोठे होते. शतकानुशतके तोंडी चालत आलेल्या रीतीने इतके जवळ यावे, ही थक्क करणारी गोष्ट आहे. मात्र स्वयंपाकघराच्या दृष्टीने पाहिले, तर ५२ मिनिटे म्हणजे जवळजवळ एक तास. जेवण थांबले आहे, मूल भुकेले आहे, गरोदर बाई अंधाऱ्या खोलीत बसून आहे आणि नदीच्या पायरीवर म्हातारी माणसे ओल्या वस्त्रानिशी उभी आहेत. त्यांच्यासाठी हा तास हिशेबातली किरकोळ चूक नव्हती. शिवाय ज्याची सारी श्रद्धा नेमक्या घटिकेवर आहे, त्याचे मोक्षस्नान ग्रहण सुटण्याआधीच झाले, तर त्याच्याच नियमाने ते व्यर्थ ठरते. पंचांगातील चूक अशा रीतीने प्रत्येक घरात पोचत असे.

राजवाडा आणि वेधशाळा

याच सुमारास तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे होते. त्यांचा राज्यकाळ १७९८ ते १८३२ असा आहे. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती केवळ किल्ल्यापुरती सत्ता उरली. परंतु सरस्वती महाल ग्रंथालय, शाळा, छापखाना आणि वैद्यक यांच्याद्वारे त्यांनी जे काम केले, त्यामुळे त्यांचे नाव राहिले. त्यांच्या नावावरील ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक या संदर्भात लक्षणीय आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात हात पाहून भविष्य सांगणारी भटकी स्त्री येते. सरफोजीराजांच्या नाटकात ही स्त्री जगाचा भूगोल सांगू लागते. जिच्याकडून नशीब ऐकण्याची सवय, तिच्याच तोंडून खंड आणि देश यांची माहिती ऐकण्याची ही युक्ती मराठी भाषेत, तमिळ भूमीवर, दोनशे वर्षांपूर्वी योजली गेली.

पुढच्या पिढीत ही जिज्ञासा राजवाड्याबाहेर आली. कुंभकोणमचे माधवराव मद्रासेत शिकत असताना त्यांचे गुरू पॉवेल यांच्याकडून गणित आणि ज्योतिष शिकले. बाजारात मिळणारी भिंगे बांबूच्या नळ्यांत बसवून त्यांनी दुर्बिणी तयार केल्या, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. पुढे तीन संस्थानांचा कारभार पाहणारा हा पुरुष विद्यार्थिदशेत बांबूच्या नळीतून आकाश पाहत होता, हे चित्र मनात राहण्यासारखे आहे.

मद्रास वेधशाळेत त्या शतकाच्या उत्तरार्धात चिंतामणी रघुनाथाचारी हे गणक काम करीत. ते पंचांगकर्त्यांच्या घराण्यातले. १८६७ साली त्यांनी एक रूपविकारी तारा शोधला. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी निजामाच्या राज्यातील वनपर्ती येथे गेलेल्या तुकडीचे ते प्रमुख होते. याच ग्रहणाच्या वेळी यान्सेन गुंटूरला आणि लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीस दुर्बिणी लावून बसले होते. दुर्बिणीतून जे दिसते ते आणि घरोघरच्या पंचांगात जे छापले जाते ते, यांतील अंतर रघुनाथाचारींना रोज जाणवत असणार. आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या स्थितीशी जुळणारे ‘दृग्गणित’ पंचांग त्यांनी काढले आणि त्याचा पुरस्कार केला.

‘वाक्य’ की ‘दृक्’ हा वाद दक्षिणेत मोठ्या तीव्रतेने चालला. कांची कामकोटी मठाचे वास्तव्य त्या काळी कुंभकोणमलाच असल्यामुळे धर्मनिर्णयासाठी या गावाकडे पाहिले जाई. वरकरणी हा पंडितांचा वाद वाटतो. परंतु त्याचा खरा प्रश्न साधा होता : ज्या घटिकेवर लोक उपवास सोडतात, ती घटिका बरोबर आहे की नाही? महाराष्ट्रात हाच प्रश्न केरो लक्ष्मण छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित, लोकमान्य टिळक आणि व्यंकटेश बापूजी केतकर यांनी हाती घेतला. कोकणात नांदगाव येथे १५२० च्या सुमारास गणेश दैवज्ञांनी रचलेल्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथावर आपली पंचांगे साडेतीन शतके चालली होती. त्या ग्रंथाची थोरवी मान्य करूनही, साठत गेलेला फरक दुरुस्त केलाच पाहिजे, असे या मंडळींचे म्हणणे होते. परंपरेचा आदर आणि तिची दुरुस्ती ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी केली.

दोन सकाळी

१२ डिसेंबर १८७१ च्या सकाळी दक्षिण भारतातून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला. मलबारच्या किनाऱ्यावर बेकलच्या किल्ल्यात नॉर्मन लॉकियर, निलगिरीत यान्सेन, अविनाशी येथे मद्रास वेधशाळेचे पॉग्सन आणि रघुनाथाचारी, तर पुदुक्कोट्टै येथे इटालियन शास्त्रज्ञ रेस्पिगी असे लोक सज्ज होते. पुदुक्कोट्टै कुंभकोणमपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत आहे. कुंभकोणमला सूर्याचा बराच मोठा भाग झाकला गेला. एकाच सकाळी, एकाच जिल्हापट्ट्यात, काही माणसे वर्णपटदर्शकातून सूर्याच्या किरीटातील रेषा तपासत होती आणि काही कावेरीत उभी राहून तर्पण करीत होती. दोघांनाही एकाच गोष्टीची निकड होती. सेकंद चुकला, तर शास्त्रज्ञाची संधी जाई. घटिका चुकली, तर स्नान करणाऱ्याची.

दुसरी सकाळ महाराष्ट्राची. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण कोकणच्या किनाऱ्यावरून आत शिरले आणि दख्खन, वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे गेले. लॉकियर या वेळी विजयदुर्गच्या किल्ल्यात होते. त्यांच्या उपकरणांसाठी बांधलेले चौथरे आजही ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जातात. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक नायगमवाला यांनी आपली छावणी टाकली. अमेरिकेचे आणि जपानचे शास्त्रज्ञही जेऊरच्याच परिसरात होते. प्लेगच्या सावलीत जगणाऱ्या महाराष्ट्राने दुपारच्या सुमारास दिवसाचा अंधार पाहिला. कुंभकोणमला हेच ग्रहण खंडग्रास दिसले. त्याच वर्षी श्रीनिवास रामानुजन नावाचा दहा वर्षांचा मुलगा कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमध्ये दाखल झाला. कवड्यांवर ग्रहण मांडणाऱ्या माणसांच्या प्रदेशात अंकांवर जीव लावणारा हा मुलगा लहानाचा मोठा झाला.

दानाची बाजू

ग्रहणाच्या दिवसाचा एक भाग मात्र अभिमानाने सांगण्याजोगा नाही. ग्रहणकाळातील दान पुण्यकारक मानले जाई. राजांचे शिलालेख आणि ताम्रपट पाहिले, तर सूर्यग्रहण किंवा चंद्रग्रहण ‘पर्वणी’ म्हणून नोंदवून दिलेली गावे आणि जमिनी जागोजाग आढळतात. ते दान विद्वानांना आणि देवस्थानांना मिळे. गावाच्या कडेला राहणाऱ्यांच्या वाट्याला दुसरे दान येई. महाराष्ट्राच्या गावांत ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी आरोळी देत मांग समाजातील स्त्रीपुरुष दारोदार फिरत आणि घरोघरचे जुने कपडे, धान्य, पैसे त्यांच्या झोळीत पडत. राहू-केतू त्यांच्याच जातीचे, अशी समजूत या रिवाजामागे होती. देणाऱ्याने आपली पीडा देऊन टाकायची आणि घेणाऱ्याने ती पोटासाठी घ्यायची, असा हा व्यवहार होता. विसाव्या शतकातील आत्मसन्मानाच्या चळवळींनी असे दान नाकारण्यास शिकविले, तेव्हा ग्रहणदिवसाची ही बाजू हळूहळू मागे पडली.

स्त्रियांच्या वाट्याला आलेला भागही असाच. वेधापासून मोक्षापर्यंतचे सारे वेळापत्रक प्रत्यक्षात चालविले ते स्त्रियांनी. दर्भ ठेवणे, पाणी टाकणे, चूल विझविणे आणि पेटविणे ही कामे त्यांची. गरोदर स्त्रीने चिरू नये, शिवू नये, बाहेर पाहू नये, ही बंधने त्यांच्यावर. अपत्यात काही व्यंग निघाले, की आईने ग्रहण पाळले नाही, हा ठपका आयुष्यभर तिच्या माथी. ग्रहणाचा गर्भावर असा परिणाम होत नाही, हे आज निःशंकपणे सांगता येते. पण ज्या गणितावर हा सारा दिवस उभा होता, ते गणित या स्त्रियांना कोणी शिकविले नव्हते.

आपल्या काळात

अलीकडची दोन ग्रहणे कुंभकोणमच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. १५ जानेवारी २०१० चे कंकणाकृती ग्रहण कन्याकुमारी आणि रामेश्वर-धनुष्कोडी येथे पूर्ण कंकण दाखवून गेले. तो दिवस कावेरीकाठी तिहेरी होता : पोंगलच्या दुसऱ्या दिवशीची गुरांची पूजा, पितरांच्या तर्पणाची तै अमावास्या आणि सकाळी सव्वाअकराच्या सुमारास लागून दुपारी तीननंतर सुटणारे ग्रहण. महाराष्ट्रात त्या दिवशी संक्रांतीची कर, म्हणजे किंक्रांत होती. गुरांना सजवायचे केव्हा, नदीवर जायचे केव्हा आणि जेवायचे केव्हा, असा हिशेब घरोघर मांडावा लागणारा तो दिवस होता.

२६ डिसेंबर २०१९ ला कंकणाचा पट्टा तमिळनाडूच्या मधूनच गेला. कोइमतूर, दिंडिगल, तिरुचिरापल्ली, पुदुक्कोट्टै येथे कंकण दिसले. कुंभकोणमला सूर्याची बारीक कोर उरली. सकाळी आठच्या सुमारास लागलेले ग्रहण साडेनऊच्या सुमारास मध्यावर आले आणि सव्वाअकराच्या आसपास सुटले. अनेक मंदिरांची दारे या वेळात बंद राहिली आणि सुटल्यानंतर शुद्धी करून उघडली. काही गावांत मुसळे पुन्हा परातीत उभी राहिली आणि त्यांची छायाचित्रे मोबाइलवरून फिरली. दुसरीकडे विज्ञानप्रसार करणाऱ्या संस्थांनी मैदानांत ग्रहण पाहण्याची सोय केली, शाळेची मुले सुरक्षित चष्मे लावून रांगेत उभी राहिली. ग्रहणकाळात मुद्दाम उघडपणे खाण्याचे कार्यक्रम द्रविडर कळगमसारख्या विवेकवादी संघटना करीत आल्या आहेत; महाराष्ट्रातही अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने ग्रहणाविषयीची भीती घालविण्याचे काम केले आहे.

या साऱ्यांत एक गोष्ट कोणाच्याही लक्षात येईल. देऊळ बंद करणारा पुजारी, मुसळ उभे करणारी आजी, चष्मा लावणारा विद्यार्थी आणि मैदानात खाणारा कार्यकर्ता या सर्वांनी वेळ मात्र एकच मानली. आठ वाजून काही मिनिटांनी ग्रहण लागणार, याबद्दल कोणाचाही मतभेद नव्हता. १८२५ साली ५२ मिनिटांनी चुकलेला हिशेब आता मिनिटाच्या आत आला आहे आणि तो वर्तमानपत्रात, पंचांगात, दूरचित्रवाणीवर सर्वांना सारखाच उपलब्ध आहे. ज्या प्रश्नावर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सभा भरल्या, तो इतक्या शांतपणे मिटला की त्याची आठवणही फारशी कोणाला राहिली नाही.

गणिताची शाळा

शाळेच्या हीरकमहोत्सवी ग्रंथात ग्रहणाची कथा कशासाठी, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच एका दगडावर कोरलेले आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ, म्हणजे त्या काळची शाळा स्थापन केली. त्या शाळेला निकुंभ वंशातील सोइदेवाने इ. स. १२०७ मध्ये श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वणीवर, दान दिले. लेखाच्या शेवटी कोणकोणत्या मालावर किती हिस्सा शाळेला द्यायचा, हे त्या काळच्या मराठीत लिहिले आहे. व्यापारी, शेतकरी आणि तेली यांना समजावे म्हणूनच हा भाग त्यांच्या भाषेत आला. ग्रहणाच्या दिवशी, ग्रहणाचे गणित शिकविणाऱ्या शाळेला, लोकांच्या भाषेत दान मिळाले. ग्रहणदानाचा याहून समर्पक उपयोग सांगता येणार नाही.

पाटणची शाळा आणि पुदुच्चेरीच्या गणकाच्या कवड्या यांत ज्ञान खरे होते, पण ते मोजक्या घरांत आणि मोजक्या डोक्यांत होते. बाकीच्यांना मिळे ती फक्त वेळ. आणि वेळ का तशी, हे विचारण्याचा मार्ग नव्हता. आधुनिक काळात मातृभाषेतून चालणाऱ्या शाळांनी हा मार्ग खुला केला. चंद्राची सावली, तिची गती, पृथ्वीचा कल आणि दोन कक्षांमधील पाच अंशांचा कोन हे आज भूगोलाच्या तासाला कोणत्याही घरातील मुलगी आपल्या भाषेत शिकते. दर अमावास्येला ग्रहण का होत नाही, हे तिला सांगता येते. पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून ती सूर्याची कोर भिंतीवर आणते आणि घरी जाऊन आजीला दाखविते.

आजीने त्या दिवशी लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्र ठेवलेले असेल, तर ती ते लगेच काढील असे नाही. पण भिंतीवरची कोर हळूहळू मोठी होत जाताना दोघी मिळून पाहतील आणि ग्रहण सुटले, हे सांगण्यासाठी परातीतल्या मुसळाकडे बघावे लागणार नाही. मंदिरात, राजवाड्यात आणि वेधशाळेत ज्याची वाट पाहिली गेली, ती घटिका आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर, नातीच्या हातातल्या पुठ्ठ्यातून पडलेली असेल.